निजलेल्या माणसाचं कर्म

"मॅडम, मी घरी निजलेली. लाईन आली, मोटार आपली आपण सुरू झाली, आन् तेवढ्यात डीपी जळाली. दोष कुणाचा? मी तर हातसुद्धा लावला नाही."

घनसावंगी तालुक्यातल्या एका गावी समाजमंदिरात आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. तिथं एका बाईंनी हे विचारलं. वर्ग विजेचा आहे. माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर गावातल्या माणसांना मी एकच गोष्ट शिकवते: शेतातली आणि घरातली यंत्रं आपल्या मागे कशी चालावीत याचा नियम स्वतःच्या हातानं मांडायचा. त्यासाठी प्रोग्रॅमिंगची भाषा लागत नाही. पडद्यावर रंगीत चौकोन असतात. एकेक चौकोन बोटानं ओढून जागेवर आणायचा आणि दुसऱ्याला जोडायचा. 'लाईन आली का', 'विहिरीत पाणी आहे का', 'थांब', 'मोटार सुरू कर'. चौकोनांवर नावं मराठीत लिहितो, कारण नियम ज्याचा त्याला तो वाचता आला पाहिजे.

बाईंच्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर होतं, ते मी लगेच दिलं. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता आणि त्याचा विजेशी संबंध नव्हता. माणूस झोपेत असताना त्यानं लावून ठेवलेल्या यंत्रानं जे केलं, ते त्याचं कर्म की नाही? तेव्हापासून मी हाच विचार करते आहे.

आधी यंत्राची बाजू सांगते, ती कळल्याशिवाय धर्माची बाजू हवेत राहील. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला दारं धरायला जायचं म्हणजे अंधार, चिखल, साप, कुठंतरी सोललेली केबल. म्हणून शेतकऱ्यानं स्टार्टरला 'ऑटो' बसवला. लाईन आली की माणूस नसला तरी मोटार सुरू. ऑटोला नावं ठेवणारे बहुतेक लोक जानेवारीच्या रात्री दोन वाजता विहिरीवर गेलेले नसतात, त्यामुळे त्यांचं बोलणं मी फारसं मनावर घेत नाही. पण एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, अशा पंधरा-वीस मोटारी असतात. मोटार उठताना पहिले काही क्षण चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. हातानं सुरू करायचे दिवस होते तेव्हा एक जण आत्ता पोचायचा, दुसरा अर्ध्या तासानं, तिसरा बैलांना पाणी दाखवून. त्या मागेपुढे होण्यामुळेच डीपी वाचत होती. ऑटोनं ते मागेपुढे होणं काढून टाकलं. लाईन आल्या क्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज कोसळतं, कोसळलेल्या व्होल्टेजवर मोटारींना वेग घेता येत नाही आणि म्हणून त्या जास्त वेळ जास्त करंट ओढत राहतात. मग डीओ, म्हणजे डीपीचा फ्यूज, उडतो, नाहीतर डीपीचं वाइंडिंगच जळतं. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करत आलं आहे ते याचसाठी.

यात कुणाचाही हेतू वाईट नाही. एकेकाचा नियम सुटा पाहिला तर निर्दोष आहे: वीज आली, पाणी सुरू झालं. तोच नियम सगळ्यांनी एकाच वेळी पाळला की शिवार अंधारात. १७८५ साली कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं नीतीची कसोटी अशी सांगितली होती की तुम्ही ज्या नियमानं वागता तो सगळ्यांचा नियम व्हावा असं तुम्हाला मनापासून म्हणता येतं का, ते पाहा. ही कसोटी मी तरुणपणी वाचली तेव्हा ती मला फार उंचावरची वाटली होती. आता वाटतं, आमच्या शिवारात ती दर रब्बीला प्रत्यक्ष लागते.

आता ते कर्म कुणाचं, या प्रश्नाकडे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला त्यावर जे निरूपण केलं ते आमच्याकडे पारायणात अजून वाचलं जातं, त्यामुळे ही नावं वर्गाला परकी नव्हती. मी ती फळ्यावर लिहिली आणि त्या रात्रीची मोटार त्यांत बसवायला सांगितली. करण म्हणजे साधन. मोटार, स्टार्टर, केबल, ते झालं. चेष्टा म्हणजे हालचाली. कॉन्टॅक्टर चिकटला, पंखा फिरला, पाणी चढलं. दैव काय, यावर कुणाला विचारच करावा लागला नाही. सगळे एका सुरात म्हणाले, लाईन. अधिष्ठानाशी मात्र अडलं. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असं सांगतात, आणि शरीर तर घरी निजलेलं. कर्त्यापाशी येऊन तर फळाच कोरा राहिला. ऑटोचा डबा कर्ता म्हणावा तर त्याला डीपी म्हणजे काय ते ठाऊक नाही. डबा बनवणाऱ्याला हे शिवार ठाऊक नाही. दुकानदारानं विकला, वायरमननं जोडला, बाईंनी पैसे दिले, आणि यांतला प्रत्येक जण म्हणू शकतो की मी काही केलं नाही. कर्म घडलं आहे, त्याचा परिणाम पंधरा-वीस घरांवर झाला आहे, आणि कर्त्याच्या जागी कुणी उभं नाही.

वर्गात एक माळकरी मामा येतात. त्यांना ही रिकामी जागा आवडली. कर्तेपण गळून पडणं हाच परमार्थ, असं त्यांचं म्हणणं. 'मी करतो' हा ताठा गेला, यंत्र करतंय, करवून घेणारा पांडुरंग, मग बिघडलं कुठं? मामांनी आयुष्यभर वारी केली आहे. त्यांचा शब्द हलक्यानं घ्यायचा नसतो. तरी मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते मी त्यांना सांगितलं. गीता फळाची आस सोडायला सांगते, कर्म सोडायला सांगत नाही. ऑटोनं नेमकं उलटं होतं. कर्म माझ्या अंगावरून जातं, पाणी मात्र माझ्याच वावरात येतं. कर्म टाकून फळ राखणं, याला कुठल्याही संतानं निष्कामता म्हटलेलं नाही. मामांनी हे अर्धंच मान्य केलं आहे. आमचा वाद चालू आहे.

वर्गातले एक वायरमन चाचा नमाजी आहेत. ते म्हणाले, आमच्याकडे अमलाचा, म्हणजे कृतीचा, हिशोब नियतवर होतो. हेतू चांगला तर काम चांगलं. पण त्या रात्री सगळ्यांचीच नियत साफ होती, हे त्यांनीच पुढे बोलून दाखवलं. बाग जगवायची, एवढीच. चाचांचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून पुढची वाट दिसते. नियत करायची तर काय होणार आहे ते आधी डोळ्यांपुढे आणावं लागतं. डबा विकत घेताना बाईंच्या डोळ्यांपुढे फक्त पाणी होतं. बाकीच्या मोटारी त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या नाहीत, कारण डब्यात त्या कुठं दिसतच नाहीत.

हा पेच आपल्यालाच पडला असंही नाही. ज्यू लोकांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. त्या दिवशी काम वर्ज्य, दिवा पेटवणंसुद्धा काम. त्यांच्या प्राचीन पंडितांनी हा प्रश्न आपल्याला ओळखीच्या शब्दांत विचारला होता: शुक्रवारी अंधार पडायच्या आधी मी बागेत पाट फोडला आणि शनिवारभर बाग भिजत राहिली, तर ते चालेल का? पाटाचं पाणी त्यांनी चालू दिलं. पण आदल्या दिवशी लावलेलं जाळं, रंगात भिजत टाकलेली लोकर, यांवर शम्माय आणि हिल्लेल यांच्या शिष्यपरंपरांचं एकमत झालं नाही. शम्मायचे शिष्य म्हणाले, काम दिवसाउजेडी पुरं व्हायला हवं. हिल्लेलच्या शिष्यांनी मुभा दिली. विसाव्या शतकात विजेचे टायमर आले आणि तोच वाद पुन्हा उठला. न्यूयॉर्कचे धर्मपंडित मोशे फाइनस्टाइन यांनी दिव्यांपुरता टायमर मान्य केला, इतर कामांना नको म्हणाले. टायमरला मोकळं रान दिलं तर माणूस शब्बाथला कारखानासुद्धा चालवील, ही त्यांची भीती होती. मला हा वाद वाचताना एक गोष्ट जाणवली. परवानगी देणारे आणि नाकारणारे, दोघेही धरून चालले होते की पाट फोडणाऱ्याला पाणी कुठं जाणार ते माहीत आहे. त्याच्या हातानं फोडलेला पाट त्याला दिसतो.

म्हणून मला आता असं वाटतं: माणूस झोपला होता की जागा होता, यावर कर्म त्याचं की नाही हे ठरत नाही. नियम त्यानं समजून मांडला होता का, यावर ते ठरतं. समजून मांडला असेल तर मोटार रात्री दोनला उठली तरी ती त्याच्याच हातानं उठली. न समजता विकत आणला असेल तर माणूस विहिरीवर उभा असला तरी कर्त्याची जागा रिकामीच आहे. आणि कर्त्याची जागा रिकामी ठेवून जगणं हे मी अधर्म मानते. एवढा जड शब्द मी विचार करूनच वापरते आहे.

पूर्वीही आपल्या माणसांनी या बाजूनं विचार केलेला आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी, म्हाताऱ्या आजोबांना पंप चालू-बंद करायला शेतापर्यंत पायपीट करावी लागते हे पाहून, मोबाइलवरून पंप चालवायचं 'नॅनो गणेश' हे यंत्र काढलं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. त्यात मला आवडतं ते असं की वीज आहे की नाही, मोटार चालू झाली की नाही, हे शेतकऱ्याला फोनवर कळतं आणि ठरवणारा तोच राहतो. पायपीट वाचली, निर्णय मात्र हातातच राहिला.

पण प्रत्येक वेळी फोन करायला माणूस जागा हवा. झोपायचं असेल तर नियम लागतोच, आणि तो नियम मांडण्याचं काम आजवर फक्त प्रोग्रॅमरच्या हातात होतं. ते सामान्य माणसाच्या हातात यावं यासाठी जगात बरंच काम झालं आहे. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' केली. त्याच परंपरेतल्या मिचेल रेझनिक यांच्या गटानं २००७ मध्ये 'स्क्रॅच' आणलं, ज्यात ठोकळे जुळवून प्रोग्रॅम होतो. २०१३ मध्ये आयबीएमच्या निक ओ'लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी 'नोड-रेड' केलं. आम्ही तेच वापरतो. त्यात चौकोन असतात आणि चौकोनांना जोडणाऱ्या तारा. स्टार्टरचा वायरिंग डायग्राम ज्यानं एकदा पाहिला आहे त्याला ते चित्र परकं वाटत नाही. ते फुकट मिळतं आणि शेतातल्या आखाड्यावर ठेवलेल्या एका छोट्या कॉम्प्युटरवर, सौर पॅनेलच्या बॅटरीवर, इंटरनेट नसतानाही चालतं. थ्री फेजच्या बाजूला मात्र मी कुणालाही हात लावू देत नाही. ते काम परवानाधारक वायरमनचंच. आमचा नियम फक्त रिलेपर्यंत जातो.

नियम स्वतः मांडला की काय बदलतं, हे मोसंबीनं मला दाखवलं. जालना जिल्ह्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि २०१२ च्या दुष्काळात टँकरनं पाणी आणून जगवलेली. तरीही कित्येकांना बागा तोडाव्या लागल्या. पाण्याच्या थेंबाला इतकं जपणाऱ्या या जिल्ह्यात मोसंबीचं शास्त्र असं की तिला आंबे बहारासाठी आधी तहानलेली ठेवावी लागते. याला ताण म्हणतात. पावसाळा सरला, थंडी पडली की पाणी तोडायचं. पानं पिवळसर पडतात, काही गळतात. भारी जमिनीत ताण जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. झाडाकडे रोज बघून ठरवायचं. मग जानेवारीच्या सुमाराला पहिलं पाणी हलकं द्यायचं, पुढचं थोडं वाढवून, आणि मग बाग फुलते. ताणात मध्येच पाणी मिळालं तर फुलाऐवजी पालवी सुटते आणि वर्षाचा बहार जातो.

आता तयार मिळणाऱ्या यंत्राचा नियम बघा: माती कोरडी झाली की पाणी सोड. गव्हाला, भाजीपाल्याला ठीक. डिसेंबरातल्या मोसंबीला हा नियम घातक. माती कोरडी आहे हे सेन्सरला कळतं. ती मुद्दाम कोरडी ठेवली आहे, हे बागवानालाच ठाऊक असतं. आमच्या वर्गातल्या एका साठीच्या शेतकऱ्यानं, ज्यांचं शिक्षण चौथीच्या पुढे गेलेलं नाही, नियम मांडताना सगळ्यात पहिला चौकोन ठेवला तो 'ताण चालू आहे का?' हा. चालू असेल तर बाकीच्या कुठल्याच तारेतून काही जायचं नाही. ताण चालू की बंद हे ते स्वतः ठरवणार, झाड बघून, रोज. यंत्राला त्यांनी तिथंपर्यंत येऊच दिलं नाही. मी त्यांना हे शिकवलं नव्हतं. शिकवण्यासारखं माझ्याजवळ चौकोन होते, कुठला चौकोन आधी हे ज्ञान त्यांचं होतं. एखाद्या परक्या शहरात बसून, चांगल्या मनानं केलेल्या नियमात हा चौकोन कधीच आला नसता.

डीपीचंही असंच झालं. पडद्यावर 'लाईन आली' आणि 'मोटार सुरू' यांच्यामध्ये 'थांब' हा चौकोन ठेवता येतो. किती थांब, ते आकड्यात लिहायचं. बाजारातल्या काही ऑटोंनाही उशिराची खिटी असते, पण ती डब्याच्या आत. बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं. चौकोन मात्र समोर दिसतो आणि त्यात आकडा भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आकडा भरायचा म्हटलं की लगेच प्रश्न येतो: शेजारच्यानं किती भरला? एका डीपीवरचे लोक यासाठी पहिल्यांदा एकत्र बसले. भांडण झालं. ज्याच्या बोअरला पाणी कमी तो म्हणे मी आधी. ज्याचं वावर शेवटाला, त्याची लाईन आधी जाते, तो म्हणे मी आधी. एका आजींचं म्हणणं, जिच्या घरी कर्ता पुरुष नाही तिला आधी. शेवटी ठरलं की क्रम दर आठवड्याला फिरवायचा, आणि तो फिरण्याचा चौकोनही सगळ्यांच्या चित्रात सारखाच घालायचा. त्या बैठकीत कुणी धर्माचं नाव काढलं नाही. पण कांटची कसोटी लावायला गावानं स्वतःहून बसावं, याहून मोठं धर्मकार्य मला त्या दिवशी दुसरं सुचत नव्हतं.

सगळीच कामं यंत्रावर टाकावीत असं मला वाटत नाही, आणि इथं माझं मत ठाम आहे. आपल्याकडच्या कित्येक मंदिरांत आता आरतीला मोटारीवर चालणारा नगारा असतो. बटण दाबलं की नगारा, घंटा, झांजा सगळं एकदम वाजतं. वर्गातल्या मुलांनी विचारलं, सूर्य मावळला की आपोआप वाजेल असा नियम करू का? चौकोन दोनच लागतात. मी नको म्हणाले. मोसंबीला पाणी मिळणं हे फळ आहे, ते कुणाच्या हातानं मिळालं याचं झाडाला काही नाही. आरतीत वाजवणं हेच फळ आहे. ज्यानं झांज धरली त्याला ते मिळतं, आणि कुणीच धरली नाही तर ते कुणालाच मिळत नाही. लडाखकडे ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी प्रार्थनाचक्रं असतात आणि त्या फिरण्यातून पुण्य सगळ्या जिवांना पोचतं अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा मला आदर वाटतो, कारण तिथं फळ एकट्यासाठी राखलेलं नसतं. तरीही आमच्या देवळात झांज धरायला एक पोरगं येत असेल, तर त्याच्या हातातली ती मी काढून घेणार नाही.

घनसावंगी तालुक्यातच जांब आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ चा त्यांचा जन्म. लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' ऐकून ते निघून गेले ही कथा इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. माझे वडील रोज दासबोधाचा एक समास वाचत. त्यांच्याकडून मी ऐकत आले की समर्थांनी यत्नाइतकंच महत्त्व सावधपणाला दिलं. यत्न यंत्राला देता येतो. सावधपण देता येतं का, हा माझ्यापुढचा खरा अवघड प्रश्न आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. पुढे त्या सापडल्या, पण मधले आठवडे सगळ्या पंचक्रोशीला सुतक असल्यासारखे गेले. तेव्हा गावोगाव कॅमेऱ्यांची चर्चा सुरू झाली. कॅमेरे असावेत. हालचाल दिसली की घंटा वाजवणारा नियमही असावा, तो मुलं एका संध्याकाळी करतात. पण घंटा वाजल्यावर उठणारा कोण, हा चौकोन पडद्यावर नाही. तो भरायला गावातलं एक नाव लागतं, आणि त्या नावाला ते मान्य असावं लागतं.

जालना शहरातून येणाऱ्या बायका वेगळं गाऱ्हाणं घेऊन येतात. शहरात नळाला रोज पाणी नाही, येईल त्या वेळेला भरून घ्यावं लागतं. नवरा एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात पाळीवर, त्यामुळे नळाची वाट बघत घरी अडकायचं ते बाईनं. नळ आला की टाकी भरून घे, टाकी भरली की थांब, हा नियम त्यांना हवा असतो आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. अट एकच. नळाला थेट मोटार लावून ओढायचं नाही, कारण त्यानं पुढच्या घरांचं पाणी तुटतं. आधी हौदात येऊ द्यायचं आणि हौदातून वर चढवायचं. ही अट मी नियमाच्या चित्रातच घालायला लावते: हौदातल्या पाण्याचा चौकोन नसेल तर मोटारीचा चौकोन जोडायचा नाही. एकीनं विचारलं, सगळी गल्ली ओढते, मग मीच का नको? तिला मी डीपीवरच्या बैठकीची हकिकत सांगितली. ती म्हणाली, आमच्या गल्लीत असं बसणार कोण. ते खरं आहे. शहरात ते जास्त अवघड आहे, आणि चौकोनांनी ते सोपं होत नाही.

स्वतः मांडलेल्या नियमालाही एक धोका आहे, तो अलीकडे मला जास्त सतावतो. नियम मांडला त्या दिवशी कर्ता जागा असतो. तीन वर्षांनी तो नियम चालूच असतो आणि माणूस विसरलेला असतो. वर्गातल्या एका बाईंचे यजमान वारले. त्यांनी मांडलेला नियम मोटार चालवत राहिला. बाईंनी आखाड्यावरचा पडदा उघडला, चौकोनांवरची मराठी नावं वाचली, आणि नवऱ्यानं काय ठरवून ठेवलं होतं ते त्यांना ओळीनं कळलं. दोन ठिकाणी बदलही केला. रात्रीची पाळी सुटली तरी चालेल, मोटार पहाटे पाचच्या आधी नको, कारण रात्री काही बिघडलं तर बघायला जाणारं आता कुणी नाही. डबा असता तर त्यांना तो एकतर आहे तसा चालू ठेवावा लागला असता, नाहीतर उपटून टाकावा लागला असता. पण सगळ्या घरांत असं वाचणारं कुणी असेलच असं नाही.

म्हणून यंदापासून प्रत्येक नियमाला आम्ही मुदत घालतो. चित्राच्या सुरुवातीला एक चौकोन: कुणी मांडला, कशासाठी, कुठवर. बागेच्या नियमाची मुदत बहाराबरोबर संपते. पुढच्या बहाराला मालकानं पुन्हा वाचून, हवं तर बदलून, स्वतः चालू करायचा. मामांना हे आवडलं, दरवर्षी नव्यानं माळ घालण्यासारखं आहे म्हणाले. ज्या बाईंनी डीपीचा प्रश्न विचारला होता त्यांनी मात्र हरकत घेतली. मुदत संपायची आणि मी त्याच आठवड्यात दवाखान्यात असायची, मग बाग वाळली तर ते पाप कुणाचं? यावर दोन संध्याकाळी गेल्या. ठरलं ते असं: मोसंबी चार-आठ दिवस पाण्याशिवाय राहू शकते, तेव्हा मुदत संपली की मोटार बंदच राहील आणि घरातल्या दोघांच्या फोनवर निरोप जाईल. गुरांच्या हौदाचं तसं नाही. गाय एक दिवससुद्धा थांबू शकत नाही, म्हणून हौदाच्या नियमाला मुदत नाही. फक्त महिन्यातून एकदा तो फोन वाजवतो आणि कुणी हौदापाशी जाऊन तिथलं बटण दाबेपर्यंत वाजवत राहतो. रेशमाच्या अळ्यांच्या शेडचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. तिथले शेतकरी म्हणतात, पंखे आणि पाण्याचे फवारे काही तास बंद राहिले तरी उन्हाळ्यात अख्खी बॅच जाते. पुढच्या वर्गात तोच विषय आहे.